शरयूबाईंचा पसंतीक्रम

बदनापूरच्या शाळेत शरयू अंबडकर हेडक्लार्क होत्या आणि तीस वर्षांत त्यांच्या खिडकीतून एकही चुकीचा फॉर्म आत गेला नव्हता. पालक शेतातून चिखलाच्या पायांनी आलेला असो की जीपमधून उतरलेला असो, जन्मतारखेवर खाडाखोड दिसली की फॉर्म आला तसा परत. "नवीन आणा," एवढंच त्या म्हणायच्या. गावातली निम्मी माणसं त्यांना घाबरून होती आणि उरलेली निम्मी त्यांच्याच खिडकीतून दाखला घेऊन मोठी झालेली असल्यामुळे जास्तच घाबरून होती.

त्यामुळे जूनमध्ये सीईटीचा निकाल लागला, भाची गंधालीला अठ्ठ्याण्णव पॉइंट चार पर्सेंटाइल मिळाले आणि तिला कॉम्प्युटर सायन्सलाच जायचंय हे ठरलं, तेव्हा फॉर्म कोणी भरायचा यावर चर्चाच झाली नाही.

"मी भरते," गंधाली म्हणाली.

"तू अभ्यास केलास ना? मग आता बाजूला हो," शरयूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला, लॅपटॉपसमोर खुर्ची ओढली आणि मस्कतला मुकुलला निरोप पाठवला : "फॉर्मचं मी बघते. तुम्ही काळजी करू नये."

मुकुल त्यांचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी तो बायकोला, संध्याला, घेऊन नोकरीसाठी मस्कतला गेला आणि पोरीचं दहावी-बारावीचं शिक्षण इथेच व्हावं म्हणून तिला ताईकडे ठेवून गेला. शरयूबाईंनी लग्न केलं नव्हतं. घर दोन खोल्यांचं. तोवर त्या घरात संध्याकाळी साडेपाचनंतर कोणी बोललं तर ते रेडिओवरचं असायचं.

फॉर्मच्या पहिल्याच पानावर रकाना होता : अर्ज भरणाऱ्याचे उमेदवाराशी नाते. शरयूबाईंनी बाण दाबला. खाली यादी उघडली. वडील, आई, पती, पालक.

"यात आत्या नाही," त्या म्हणाल्या.

"नसतेच गं."

"पती आहे! अठरा वर्षांच्या मुलीच्या फॉर्मात नवऱ्याची सोय आहे, आणि आत्याची नाही?"

"पालक टाक."

त्यांनी पालक टाकलं. लगेच लाल अक्षरांत सूचना आली : पालकत्वाचा कायदेशीर पुरावा जोडा. तीन वर्षं सकाळी सहाला डबा केला, गोवर निघाला तेव्हा अकरा दिवस उशाशी बसून काढले, याचा पुरावा कोणत्या खिडकीवर मिळतो हे त्यात सांगितलेलं नव्हतं.  शरयूबाईंनी 'वडील' दाबलं आणि मुकुलचा मोबाइल नंबर घातला.

हीच चूक झाली. कारण वडिलांचा नंबर म्हटला की ओटीपी वडिलांना जाणार, आणि वडील मस्कतमध्ये एका बांधकामावर, फोन लॉकरमध्ये. ओटीपीची मुदत दहा मिनिटं. हा प्रकार ज्या माणसानं काढला त्याला एकही नातेवाईक नसावा. दुपारी मुकुलनं जेवणाच्या सुटीत पाच आकडे सांगितले, सहावा सांगताना फोन कटला. दुसऱ्या खेपेस त्यानं सहाही सांगितले, पण ते पहिल्या ओटीपीचे होते. तिसऱ्या खेपेस आकडे बरोबर होते, शरयूबाईंनीच नऊच्या जागी सहा दाबला. आपल्या हातून नवाचा सहा झाला हे त्या मान्य करेपर्यंत खातं चोवीस तासांसाठी बंद पडलं होतं.

"नवीन आणा," गंधाली हळूच म्हणाली.

शरयूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून चहा टाकायला गेली. आतून मात्र तिच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता, आणि खरं सांगायचं तर शरयूबाईंना तो ऐकायला बरं वाटत होतं.

एव्हाना गल्लीत बातमी पसरली होती. समोरचे तातेराव रेल्वेतून बुकिंग क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. सकाळचा पेपर वाचून झाला की तो शरयूबाईंना द्यायला येत आणि संध्याकाळी परत न्यायला येत. मधल्या वेळात काय करत ते कोणाला माहीत नव्हतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीचं अंतर ते स्टेशनापासून मोजत.

"कॉलेज कसं बगायचं शरयूताई, तर टेशनापासून किती लांब!" ते खुर्चीत मांडी घालून म्हणाले. "मुंबईचं एक हाय, लई नावाजल्यालं. पण उतरल्यावर फुडं रिक्षा करा लागती. बिलकुल कामाचं न्हाई. पुण्याचं तर नावच काढू नका. रातभर प्रवास, अन् पोरगी परक्या गावात. त्यापरीस संभाजीनगर घ्या. सात चाळीसला इथून बसली की नऊच्या आत वर्गात. सांजच्याला घरी. पोरगी तुमच्या नजरंसमोर. खर्चा बी न्हाई."

"तिथलं कॉम्प्युटर पुण्याइतकं चांगलं नाही, काका," गंधाली म्हणाली.

"कॉम्प्युटर कॉम्प्युटर असतंय. गाडी टायमावर पायजे."

शेजारच्या बेबीनंदाताईंचं मत आणखी वेगळं होतं. त्यांचा भाचा पुण्यात एका कंपनीत होता आणि जगातलं सगळं ज्ञान त्यांना त्याच्यामार्फत मिळे. "शरयूताई, कॉम्प्युटरमधी आता काय राह्यलंय? माझा भाचा म्हनून राह्यला, समदं ते एआयच करून राह्यलंय. माणसं घरी बसवून राह्यलेत."

"मग पोरीनं शिकावं काय?"

"बीएड करू द्या. एआयला पोरं सांभाळता येत न्हाईत."

शरयूबाईंनी दोघांनाही चहा दिला. पण रात्री भांडी घासताना त्यांच्या डोक्यात एआय नव्हतं. सात चाळीसची गाडी होती.

चोवीस तासांनी खातं उघडलं, मस्कतहून आकडे आले, फॉर्म भरला गेला. आता जालन्याच्या तपासणी केंद्रावर मूळ कागदपत्रं दाखवायची होती. मुदतीला दोन दिवस होते. शरयूबाईंनी कागद लावले होते ते अशा क्रमानं की कोणीही एक पान उलटावं आणि पुढचं आपोआप हाताला यावं. एवढ्या नेटक्या फाइलीचं तिथे कौतुक होईल अशी त्यांची बारीकशी अपेक्षा होती.

तपासणीला बसलेल्या मॅडमनी फाइल उलगडली. मार्कशीट बरोबर. अधिवास बरोबर. आधार बरोबर. मग इंग्रजीतला शाळा सोडल्याचा दाखला आला आणि त्या थांबल्या.

"हे नाव बघा. यात 'एच'नंतरचा 'ए' नाही. गंध्ली झालंय."

"शक्य नाही," शरयूबाई म्हणाल्या.

मॅडमनी दाखला फिरवून समोर ठेवला. शक्य होतं. शेवटून तिसरं अक्षर असायला हवं होतं, ते नव्हतं.

"कोणत्या कारकुनानं झोपेत लिहिलाय कोण जाणे," मॅडम सहज म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, जरा डोळे उघडून लिहा. उद्या पाचपर्यंत दुरुस्त दाखला आणा, नाहीतर अर्ज बाद होईल."

दाखल्याच्या तळाशी, 'लिहिणार' या शब्दापुढे, शरयूबाईंची सही होती. वळणदार, ठसठशीत, लांबूनही ओळखू यावी अशी. गंधालीला ती दिसत होती. पण तिनं आत्याकडे पाहिलं नाही. ती छताच्या पंख्याकडे अशी बघत राहिली की जणू त्यातच पुढचं चार वर्षांचं शिक्षण आहे. "सांगते त्यांना," ती म्हणाली.

परत येताना बसमध्ये शरयूबाईंनी फाइल मांडीवर उलटी धरली होती. जालना ते बदनापूर, जेमतेम चौदा मैलांचा रस्ता. पण शरयूबाईंना तो संपेना. बदनापूरला उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अर्ज लिही. दुरुस्त दाखला मिळण्याबाबत."

"कुणाला लिहू?"

"प्रति मुख्याध्यापक. मार्फत मुख्य लिपिक."

"म्हणजे तूच ना?"

"घरात मी आत्या. अर्ज कार्यालयात येतो."

गंधालीनं स्वयंपाकघरात बसून अर्ज लिहिला आणि पाच पावलं चालत येऊन दिला. शरयूबाईंनी वाचला. तारीख नव्हती. त्यांनी तो परत केला. दुसऱ्या खेपेस तारीख होती, पण विषयाखाली रेघ नव्हती. तिसरा त्यांनी घेतला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि मग कुकर लावला. चूक आपली असली म्हणून पद्धत मोडायची का? उलट चूक आपली असली की पद्धत जास्त घट्ट धरावी लागते. नाहीतर माणसाला धरायला उरतं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की मुख्याध्यापक काकासाहेब रजेवर आहेत. त्यांची शेती तीर्थपुरीला होती आणि सोयाबीनवर फवारणी सुरू होती. फोन लागेना. शाळेचा शिपाई रामराव म्हणाला, "मॅडम, बसनं गेल्या तर वापस यायला सांज होईन. माझ्या गाडीवर बसता का? जल्दी नेतो."

तीस वर्षांत शरयू अंबडकर कोणाच्याही मोटरसायकलवर बसल्या नव्हत्या. पर्समध्ये शाळेचा गोल शिक्का आणि शाईचा पॅड, मांडीवर फाइल, डोक्याला घट्ट पदर, अशा त्या एका बाजूला पाय सोडून बसल्या. बाजारात ज्यांनी पाहिलं ते नमस्कार करायचंही विसरले. अंबडपर्यंत त्यांनी रामरावला धरलं नाही. अंबडच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे धरलं.

तीर्थपुरीच्या अलीकडे, रस्त्यापासून अर्धा मैल आत, काकासाहेब पाठीवर पंप बांधून सोयाबीनमध्ये उभे होते. हेडक्लार्क बांधावरून येताना दिसल्यावर त्यांना आधी वाटलं, शाळेला आग लागली.

शरयूबाईंनी चुकलेला दाखला आणि सकाळीच लिहिलेला नवा, दोन्ही पुढे केले. काकासाहेबांनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला, चुकलेला दाखला वाचला, पुन्हा वाचला.

"मॅडम, ही चूक तुमच्या हातची?"

"हो."

"खरं म्हंता?" काकासाहेबांचा चेहरा उजळला. सतरा वर्षं ते या बाईंच्या हाताखाली मुख्याध्यापक होते. "दैवशाला! अगं दैवशाला, जरा इकडं ये! अंबडकर मॅडमची चूक बघ!"

गोठ्याकडून त्यांची बायको हात पुसत आली. तिनं दाखला हातात घेतला, उलटासुलटा केला. "कुठंय?"

"हे बघ. हितं एक 'ए' राह्यला."

"एवढंच व्हय?" दैवशालाबाई म्हणाल्या. "मला वाटलं काय झालं. ताई, ऊन लई हाय, पाणी घ्या आधी." आणि त्यांनी तांब्या पुढे केला. शरयूबाईंना त्या दिवसात पहिल्यांदाच रडू येईल असं वाटलं. म्हणून त्या घटाघटा पाणी प्यायल्या.

सहीला सपाट जागा नव्हती. रामराव वाकून उभा राहिला आणि त्याच्या पाठीवर फाइल ठेवून काकासाहेबांनी नव्या दाखल्यावर पंपासकट सही केली. शिक्क्याचा पॅड मात्र उन्हानं वाळून खडखडीत झाला होता. आधी कोऱ्या कागदावर शिक्का मारून पाहिला, तर उमटली ती फक्त शाळेच्या नावाची शेवटची दोन अक्षरं. मग तीर्थपुरीच्या बाजारात जाऊन पॅड शोधणं आलं. किराणा दुकानात लाल होता. शरयूबाईंनी नाकारला, शाळेची शाई जांभळी. औषधांच्या दुकानात निळा होता, तोही नाकारला. रामराव म्हणाला, "मॅडम, निळा काय अन् जांभळा काय, जल्दी मारा!" त्या म्हणाल्या, "जांभळा." शेवटी एका अडत दुकानात जांभळा सापडला. दुकानदार गादीवर झोपला होता. त्याला उठवून, पाच प्रश्नांची उत्तरं देऊन, त्यांनी शिक्का मारला. गोल, पूर्ण, एकही अक्षर न फुटलेला.

जालन्याला पोचेपर्यंत पावणेपाच वाजले. बसनं आधीच आलेली गंधाली केंद्राच्या दारातच उभी होती. तिनं आत्याचा धुळीनं पांढरा झालेला चेहरा आणि सुटलेले केस पाहिले आणि आपली ओढणी ओली करून दिली.

अर्ज तपासला गेला. गुणवत्ता यादीत नाव आलं. आता शेवटचं काम होतं, पसंतीक्रम. कोणतं कॉलेज पहिलं हवं, कोणतं दुसरं, असं ओळीनं लावायचं. पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर ते घ्यावंच लागणार, मागे फिरता येणार नाही. गंधालीनं आणि शरयूबाईंनी चार दिवस बसून एकसष्ट नावं लावली. पहिली तीस पुण्या-मुंबईची. एकतिसावं संभाजीनगरचं.

"तुला चालेल ना, आत्या?" गंधालीनं विचारलं होतं.

"मला काय विचारतेस? शिकायचं तुला आहे," त्या म्हणाल्या होत्या. स्वर अगदी खिडकीतला.

मुदत शनिवारी पाचपर्यंत होती. शनिवारी दुपारी गंधाली मैत्रिणीकडे जालन्याला गेली. "चारपर्यंत येते, मग पक्का करू." घर एकदम शांत झालं. शरयूबाईंनी लॅपटॉप उघडला तो फक्त यादी पुन्हा तपासायला. दाखल्याच्या प्रकारानंतर त्या सगळंच दोनदा तपासत होत्या.

प्रत्येक नावासमोर एक बाण होता, वर जाणारा. एकतिसाव्यासमोरचा त्यांनी एकदा दाबला. संभाजीनगर तिसावं झालं. काही बिघडलं नाही. त्यांनी पुन्हा दाबला. एकोणतीस. नावं एकेक करून खाली सरकत होती आणि ते एक वर येत होतं, निमूट, कोणाला न दुखवता. पंचवीस. अठरा. कसं दिसतं तेवढं बघायचं, मग परत खाली न्यायचं, असं त्या मनाशी म्हणत होत्या. नऊ. चार. एक.

यादीच्या डोक्यावर ते बराच वेळ तसंच राहिलं. सकाळी सात चाळीसची गाडी. संध्याकाळी दारात चपला. "आत्या, भूक लागली." खुर्चीवर फेकलेली बॅग, ती उचल म्हणून रोजची कटकट. आणखी चार वर्षं. माणूस काही फार मागत नाही.

मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि बदललेलं सगळं टाकून द्यायचं म्हणून खालचं बटण दाबलं. बटणं दोन होती. त्यांनी दाबलं ते दुसरं. स्क्रीनवर हिरवी पट्टी आली : आपला पसंतीक्रम पक्का झाला आहे.

मस्कतला शनिवारी सुटी असते. अर्ध्या मिनिटात फोन वाजला. मुकुल.

"ताई, मेसेज आला आत्ता. पहिलं संभाजीनगर? गंधाली तर पुणे म्हणत होती."

शरयूबाईंनी ती हिरवी पट्टी पुन्हा वाचली.

"विचार बदलला का तिनं?"

"गंधाली घरात नाही," त्या म्हणाल्या. "मी केलंय ते."

 मुकुल समजुतीनं म्हणाला, "चुकून झालं असेल ताई."

"शेवटचं बटण चुकून. त्याआधीचं चुकून नाही."

 फॉर्म पुन्हा उघडायचा तर ओटीपी लागणार होता. तो मुकुलनं लगेच सांगितला, एकेक आकडा दोनदा. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच ओटीपी वेळेत आला आणि पहिल्यांदाच शरयूबाईंना तो यायला नको होता. त्यांनी सहाही आकडे बरोबर घातले. फॉर्म उघडला. आणि वीज गेली. लॅपटॉप जुना, तारेवाचून पाच मिनिटंही न चालणारा. तो मिटला. घड्याळात चार वाजायला आले होते.

इन्व्हर्टर गल्लीत एकट्या तातेरावांकडे. शरयूबाई लॅपटॉप छातीशी धरून रस्ता ओलांडून गेल्या. तातेरावांनी टेबलावरचं जुनं टाइमटेबल बाजूला करून जागा केली, तार जोडली. एवढ्यात बेबीनंदाताई काय झालं बघायला आल्या. आणि पाठोपाठ, घराला कुलूप बघून, गंधाली.

"इथे काय करताय?"

 लॅपटॉप चालू झाला. यादी समोर आली. गंधालीनं पाहिलं.

"हे वर कसं आलं?"

"मी आणलं," शरयूबाई म्हणाल्या. दोन शेजाऱ्यांसमोर, परक्या घरात, उभ्या उभ्या. "एकेक पायरी. माझ्या हातानं."

"मंग राहू द्या की वर!" तातेराव आनंदानं म्हणाले. "बराबर हाय! मी काय म्हनत होतो? सात चाळीसची..."

"तातेराव," बेबीनंदाताई म्हणाल्या, "तुमी जरा गप बसता का?"

गंधाली आत्याशेजारी बसली. रागावली असती तर शरयूबाईंना सोपं गेलं असतं. पण ती यादीकडे बघत होती.

"किती वेळा दाबलंस?"

"तीस."

"धरून ओढताही येतं, आत्या. माऊसनं. एकदम."

"मला माहीत नव्हतं."

गंधालीनं ते नाव धरलं आणि एका झटक्यात खाली एकतिसाव्यावर नेऊन सोडलं. वर यायला त्याला पाव तास लागला होता.

"मला जायचंय, आत्या," ती हळू म्हणाली.

"माहितीये."

"तुला कंटाळून नाही."

"तेही माहितीये गं. पक्का कर. पाच वाजतील."

मुकुलचा ओटीपी पुन्हा आला. पावणेपाचला पसंतीक्रम पक्का झाला. बेबीनंदाताईंनी तातेरावांच्या स्वयंपाकघरात जाऊन, त्यांना न विचारताच, सगळ्यांसाठी चहा टाकला.

दुसऱ्या फेरीत गंधालीला पुण्याचं चौथ्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं. गल्लीत पेढे वाटले. "मुकुलरावांच्या पोरीनं नाव काढलं," लोक म्हणाले. शरयूबाईंनी पेढ्याचं ताट पुढे धरत "हो ना," म्हटलं.

ऑगस्टमध्ये मुकुल आणि संध्या मस्कतहून आले, पोरीला हॉस्टेलवर सोडायला. शरयूबाईंनी दोन दिवसांची रजा टाकली होती, इस्त्रीची साडी काढून ठेवली होती, प्रवासासाठी दशम्या केल्या होत्या. सकाळी गाडीत सामान भरायला सुरुवात झाली. गादी, बादली, पुस्तकांचं खोकं, मस्कतहून आणलेल्या दोन मोठ्या बॅगा. मागच्या सीटवर गंधालीपुरती जागा उरली, तीही बादली मांडीवर घेतली तर.

मुकुलनं डिकी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "ताई, तू... म्हणजे आपण बादली टपावर बांधू."

"मी कुठे येणार?" शरयूबाई म्हणाल्या. "मला रजाच मिळाली नाही. शाळेत तपासणी आहे."

गंधालीनं आत्याच्या अंगावरच्या इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं. खाली वाकून नमस्कार केला आणि वर येताना इतकी घट्ट मिठी मारली की दशम्यांचा डबा दोघींच्या मध्ये चेपला. गाडी गेली.

शरयूबाई त्याच साडीत शाळेत गेल्या. रामराव फाटक उघडत होता.

"मॅडम, तुमची तं आज रजा होती?"

"रद्द केली."

रामराव जरा घुटमळला. "मंग रद्दचा अर्ज...?"

"देते," त्या म्हणाल्या. बसल्या, लिहिला, तारीख घातली, विषयाखाली रेघ मारली आणि आवक क्रमांक टाकला. मग तो समोर ठेवून खिडकी उघडायची वेळ होईपर्यंत त्या बसून राहिल्या.

पुढचे नऊ दिवस फोनवर फक्त निरोप. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." शरयूबाई संध्याकाळी एकच पोळी जास्त करायच्या आणि सकाळी ती रस्त्यावरच्या गाईला द्यायच्या. पाचव्या दिवशी त्यांनी एकटीच्या हिशेबानं कणीक घेतली, तर ती कमी पडली.

दहाव्या दिवशी, रविवारी, सहाच्या सुमाराला फोन आला. शरयूबाई मेथी निवडायला बसल्या होत्या.

"आत्या, काय करतेस?"

"मेथी निवडतेय. तू?"

"असाइनमेंट. उद्या द्यायचीये." मग आवाज बदलला. "आत्या, इथे सगळ्यांना सगळं येतं गं. कुणी आठवीपासून शिकलंय, कुणी सहावीपासून. मला प्रोग्रॅम चालवताच येत नाहीये. रूममधल्या दोघी बाहेर गेल्यात. मला विचारलं नाही त्यांनी."

शरयूबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि समजूत कशी घालतात तेही नीट येत नव्हतं. "मला यातलं काही सांगता येणार नाही बघ," त्या म्हणाल्या.

"माहितीये. तू काही सांगू नकोस. फक्त फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

त्यांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर उभा केला. पलीकडून बटणांचा टकटक आवाज येत होता. मध्येच थांबायचा, मध्येच एक उसासा, मग पुन्हा टकटक. कुठेतरी दूर बादलीत नळ सुटला होता, कोणी मुलगी जिन्यावरून हाका मारत गेली. इकडे शरयूबाई पानं खुडत होत्या. गंधालीलाही काड्या मोडल्याचा आवाज येत असावा, कारण एकदा ती म्हणाली, "कोवळी आहे वाटतं?" आणि त्या म्हणाल्या, "बरी आहे."

अर्ध्या तासानं तातेराव पेपर न्यायला आले. दारातच थांबले. चालू असलेला फोन पाहून त्यांनी आवाज खाली घेतला.

"कोनाशी बोलून राह्यल्या, शरयूताई?"

"बोलत नाहीये," त्या म्हणाल्या. "गंधाली आहे. बसलोय आम्ही."

तातेरावांनी फोनकडे पाहिलं. काही सल्ला द्यावा असं त्यांच्या तोंडावर आलंही असेल. पण त्यांनी चपला काढल्या, कडेची खुर्ची आवाज न करता पुढे घेतली आणि पेपर मांडीवर ठेवून तेही बसले.

जुडी निवडून झाली. एका माणसाला तेवढी दोन दिवस पुरली असती. शरयूबाईंनी दुसऱ्या जुडीचा बंद सोडला.